आधी वरचं बूच

घमेल्यात काळंभोर तेल पडायला हवं होतं. पडलं ते चहात दूध जास्त झाल्यासारखं काहीतरी.

तपासनीस गाडीखाली पाठीवर पडून ते बघत राहिले. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाकायची बंदी होती. "वाकू नका म्हणालेत, झोपू नका असं कुठे म्हणालेत?" असं बायकोला ऐकवून ते सकाळीच गॅरेजात शिरले होते. नवा डोळा फसवतोय की काय म्हणून त्यांनी तो मिटला आणि दुसऱ्याने पाहिलं. तेल तेवढंच पांढरट. बोटावर घेऊन चोळलं, तर फेस आला.

"डॉक्टर!" ते खालूनच ओरडले. "आधी इकडे ये."

शेजारचे दाताचे डॉक्टर कुंपणाशी झाडांना पाणी घालत होते. नळी हातात तशीच घेऊन ते आले आणि नाकाला रुमाल लावला.

"काय घाण वास रे! काय मेलंय इथे?"

"गिअर ऑइल आहे. त्याला गंधकाचा वास असतोच. वास सोड, रंग बघ."

"पांढरा आहे. मग?"

"पाणी शिरलंय. डिफरन्शियलमध्ये."

डॉक्टरांचा चेहरा कोरा. तपासनीस सरपटत बाहेर आले. नोकरीभर त्यांनी गाड्या तपासल्या होत्या. कुणाला काही समजावून सांगायचं म्हटलं की त्यांना तरतरी यायची.

"मागच्या दोन चाकांच्या मधे हा लोखंडी गोळा दिसतो ना? वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. तो हिशेब हा गोळा सांभाळतो. आत दातेरी चाकं, आणि ती बुडून राहतील एवढं तेल. गाडी पळाली की हा तापतो. तापलेला गोळा गार पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि वरच्या श्वासाच्या भोकातून पाणी आत ओढून घेते. नुसत्या पावसात किंवा गाडी धुताना असं होत नाही. गाडी तापलेली हवी आणि पाणी निम्म्या चाकापर्यंत हवं."

"पण गाडी तर इथेच होती. कव्हरखाली. तू ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलास ते परवा आलास."

"म्हणूनच तुला बोलावलं."

गाडी वडिलांची. वडील गेले तेव्हा तपासनीसांचा भाऊ शाळेत होता. सगळे त्याला धाकटा म्हणत. केस पिकले तरी तो धाकटाच राहिला. याच गाडीवर तपासनीसांनी त्याला पाना धरायला शिकवलं. दरवर्षी मागचं तेल दोघे मिळून बदलत. यंदा मात्र धाकटा परवापासून मागे लागला होता, "दादा, तू खाली झोपू नकोस. बुचाची चावी दे, तेल मी बदलतो." भावाची काळजी पाहून वहिनीचे डोळे भरून आले होते. आणि आज सकाळी, तो दुकानात गेल्याचं बघून, तपासनीस हट्टाने एकटेच गाडीखाली गेले होते.

"आणखी एक गंमत आहे," ते म्हणाले. "वरचं बूच ढिलं करता करता माझ्या नाकी नऊ आले."

"वरचं कशाला आधी उघडलंस? खालचं काढायचं, तेल सांडू द्यायचं, मग वरून भरायचं. त्यात काय एवढं!"

"हेच. हेच धाकट्याने केलं होतं, शाळेत असताना. खालून सगळं तेल काढलं, आणि वरचं बूच गंजून बसलेलं. उघडेचना. गाडी बसली ना अडकून! भरायची वाट उघडतेय याची खात्री झाल्याशिवाय खालच्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे. मी त्याचा कान असा पिळला होता की पुन्हा कधी विसरला नाही. तुझा तो दात बघायचा आरसा आण."

डॉक्टरांनी आरसा आणला, बॅटरी धरली आणि अंग चोरत खाली डोकावले. वरच्या बुचाच्या मधोमध चौकोनी खाच होती. खाचेचे कोपरे झिजून गोल झाले होते. झीज ताजी होती. धातू चकाकत होता.

"दाताला चुकीचा चिमटा लावून जोर केला की असं होतं," डॉक्टर म्हणाले. "आधी निसटतो. मग माणूस चिडतो. मग आणखी जोर."

"माझी चावी बरोबर मापाची आहे. ती हत्यारांच्या पेटीत होती आणि पेटीची किल्ली माझ्या खिशात, लेकीकडे. आता खालचं बूच बघ. घट्ट केल्यावर मी दोन्ही बुचांवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो, हलवलं तर कळावं म्हणून. वरची रेघ उडाली होती. खालची सकाळी माझ्या हातानेच मोडली. तोवर ती अख्खी होती."

डॉक्टर हात झटकत उभे राहिले. त्यांना बुचाशी देणंघेणं नव्हतं, त्यांचं डोकं पाण्यात अडकलं होतं.

"या महिन्यात पाऊस नाही. निम्म्या चाकापर्यंत पाणी कुठून आलं?"

दोघांना एकदमच आठवलं. धरणाचे दरवाजे एकाच संध्याकाळी उघडले होते आणि नदीवरच्या बुटक्या पुलावर पाणी आलं होतं. त्याच संध्याकाळी पुलाच्या तोंडाशी स्कूटरवरच्या एका नर्सबाईंना कुणीतरी उडवलं होतं. बाई वाचल्या, पण त्यांना काही आठवत नव्हतं. ज्याने त्यांना उचलून इस्पितळात नेलं, तो दूधगाडीचा ड्रायव्हर आता कोठडीत होता. त्याच्या गाडीचा दिवा फुटलेला होता, आणि तेवढं पुरलं होतं.

तो ड्रायव्हर म्हणजे मिस्त्रींचा मुलगा. ही गाडी तपासनीसांच्या बरोबरीने सांभाळणाऱ्या मिस्त्रींचा.

"गॅरेजची किल्ली कुणाकुणाकडे होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुझ्याकडे. धाकट्याकडे. आणि मिस्त्रींकडे."

"हे बघ, मी गाडीचं पुढचं तोंड कुठलं ते सांगू शकतो, एवढंच."

"ते माहीत आहे."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "मग मला एक भीती वाटते. मिस्त्रीनेच गाडी काढली असेल तर? बापाने उडवलं, मागून मुलगा आला, त्याने बापाला ओळखलं आणि सगळं अंगावर घेतलं. असं असेल तर तू खोदत बसशील आणि एकाऐवजी दोघे आत जातील."

हे तपासनीसांच्याही मनात येऊन गेलं होतं.

त्यांनी बॉनेट उघडलं. इंजिनाची तेलपट्टी काढून पाहिली. तेल मधासारखं, कोरं करकरीत. गिअरबॉक्समध्ये बोट घातलं, तर तिथेही नवं तेल. माळ्यावरची सुट्या भागांची पेटी उतरवली. जुन्या चादरीत गुंडाळलेल्या दिव्याच्या दोन काचा असायच्या, आता एकच होती. मग ते गाडीसमोर जाऊन उभे राहिले. उजव्या दिव्याची काच वर्षानुवर्षांच्या खड्यांनी टिचलेली. डावी स्वच्छ, एक ओरखडा नाही.

मिस्त्रींच्या घरी चूल पेटल्यासारखी वाटत नव्हती. मिस्त्री ओट्यावर बसून एक जुना पंप उगाचच उघडत, जोडत होते. साहेबांना पाहून उठले.

"बसा हो," तपासनीस म्हणाले. "इंजिनाचं तेल बदललंत, बरं केलंत."

"मी? नाही साहेब. मी गाडीजवळ गेलोच नाही. तुम्ही गेल्यावर एकदा सुरू करून बघणार होतो, तेवढ्यात पोराचं हे झालं."

"मागच्या बुचाची चौकोनी चावी आहे तुमच्याकडे?"

"आहे की. तुमच्यासारखीच. दोन्ही आपण एकाच लोखंडातून घासल्या, विसरलात?" त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. चावी तिथे लटकत होती.

"महिनाभरात कुणी मागितली?"

"कोण मागणार? इकडे येतंय कोण आता. तुमचा धाकटा तेवढा येतो." मिस्त्रींनी पंप खाली ठेवला. "देवमाणूस आहे हो. वकील त्यानेच बघून दिला. परवा आमच्यात बसून जेवला. म्हणाला, पोराने कबूल केलं तर शिक्षा कमी होईल. वकीलही तेच म्हणतो. उद्या कबुली देणार आहे पोरगं."

"त्याने केलंय का पण?"

"नाही म्हणतो. पण साहेब, ऐकणार कोण?"

"उद्या त्याला काही सही करू देऊ नका," तपासनीस उठत म्हणाले.

पोलीस ठाण्यातल्या फौजदारबाई त्यांना ओळखत होत्या. अपघाताच्या कितीतरी गाड्या दोघांनी मिळून पाहिल्या होत्या.

"सर, केस सरळ आहे," त्या म्हणाल्या. "दिवा फुटला, काच जागेवर मिळाली."

"दूधगाडी कुठे आहे?"

"मागच्या आवारात."

"आणि काच?"

"कपाटात, सीलबंद."

"दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलं?"

फौजदारबाई थांबल्या. मग कपाटाची किल्ली घेऊन उठल्या. आवारात दूधगाडीच्या फुटक्या दिव्यापाशी त्यांनी पाकीट उन्हात धरलं. आतले तुकडे जाड काचेचे होते, त्यावर उभ्या पन्हळी. दूधगाडीचा दिवा प्लास्टिकचा, साफ गुळगुळीत. कोठडीतल्या पोराने पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं की ब्रेक मारताना गाडी मैलाच्या दगडाला घासली. बाईंनी ओठ दाताखाली धरला.

"ही काच कुठल्या गाडीची, सर?"

"संध्याकाळी माझ्या घरी या. मिस्त्रींनाही आणा. गाडी दाखवतो," तपासनीस म्हणाले. "चालवणाराही दाखवेन बहुतेक."

दुपारी धाकटा दुकानातून जेवायला आला. कित्येक वर्षं तो दोन्ही वेळा इथेच जेवत होता. हात धुताना त्याला गंधकाचा वास आला असावा. तो तसाच ओल्या हाताने गॅरेजच्या दाराशी आला.

"दादा, हे काय? मी करणार होतो ना?"

"सवय रे. तू महिनाभर गाडी बघितलीस ना?"

"कव्हरसुद्धा उचललं नाही. दुकानातून वेळ कुठे मिळतो?"

"धरणाचं पाणी सोडलं त्या संध्याकाळी कुठे होतास?"

"दुकानात. का?"

"इंजिनात नवं तेल आहे. मिस्त्री म्हणतात, मी नाही बदललं."

"मिस्त्रींचं डोकं आता ठिकाणावर आहे का, दादा? बदललं असेल आणि विसरले असतील." घमेल्यावर तपासनीसांनी जुनं पोतं टाकून ठेवलं होतं. धाकट्याची नजर तिथे गेली आणि लगेच फिरली. "मागचं... झालं काढून?"

"झालं."

"कसं होतं?"

तेल किती काळं झालं, यावर दोघे दरवर्षी पैज लावत. यंदा त्याने पैज लावली नाही. "कसं असणार?" तपासनीस म्हणाले. "चल, वहिनी वाढून बसलीय."

तो जेवला. पोळी वाढताना वहिनी म्हणाली, "तुझ्यामुळे यांची काळजी नाही रे मला." तपासनीसांनी ताट बाजूला सारलं.

संध्याकाळी गॅरेजात सगळे जमले. मिस्त्री दाराशी, वहिनी पायरीवर, डॉक्टर कुंपणाच्या बाजूला. धाकटा गाडीला टेकून उभा होता. फौजदारबाईंनी काचेचा तुकडा उजव्या दिव्यासमोर धरला. पन्हळींना पन्हळी जुळल्या.

"नर्सबाईंना उडवलं ते या गाडीने," तपासनीस म्हणाले. त्यांनी पोतं बाजूला केलं. "तिथून सुटून ती पुलावरच्या पाण्यात घुसली. मागून दूधगाडीचे दिवे येत होते, परतायला वाट नव्हती. त्या पाण्याची खूण ही."

मिस्त्री घमेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली. "साहेब, किल्ली माझ्याकडेही होती."

"होती. म्हणून मी सकाळपासून घाबरलो होतो. पण ऐका. ज्याने गाडी नेली, त्याने घरी आणून सगळं निस्तरलं. काच बदलली, इंजिन आणि गिअरबॉक्सचं तेल बदललं. पाण्यातून गेलेल्या गाडीचं प्रत्येक तेल बदलायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. तो मागच्या डिफरन्शियलकडेही आला. बरोबर मापाची चावी नव्हती म्हणून दुसरंच काहीतरी घालून वरच्या बुचाच्या खाचेचे कोपरे झिजवले. मिस्त्री, तुमची चावी खिळ्याला होती. तुम्ही असता तर बूच चुटकीसरशी उघडलं असतं. आणि ज्याने हे केलं, तो तुमच्याकडे चावी मागूही शकत नव्हता. तुमचा मुलगा आत असताना कुठल्या तोंडाने मागणार?"

"मग राहिलो मी," डॉक्टर म्हणाले.

"तू सकाळीच सुटलास. तू म्हणालास, खालचं आधी काढायचं. शंभरातले नव्व्याण्णव तेच करतील. खालचं बूच साध्या पान्याने निघतं. ते काढलं असतं तर हे पांढरं तेल वाहून गेलं असतं, मला गोळा रिकामा मिळाला असता, आणि मी म्हणालो असतो, झिरपलं असेल, म्हातारी गाडी आहे. पाण्याचा मागमूसही उरला नसता." तपासनीसांनी खालच्या बुचाकडे बोट दाखवलं. "पण त्याने खालच्या बुचाला हातच लावला नाही. माझी पिवळी रेघ अख्खी होती. वरचं उघडेना, म्हणून तो थांबला. खालचं सोडायला हात धजला नाही त्याचा. लहानपणी एकदा कान पिळला गेला होता म्हणून."

वहिनी पायरीवरून उठली.

"धाकट्या," ती म्हणाली, "नाही म्हण रे. एकदा नाही म्हण."

धाकट्याने नाही म्हटलं नाही. गाडीला टेकलेली पाठ त्याने सोडवून घेतली.

"एकदाच काढली होती, दादा. एकदाच. आयुष्यभर तू शेजारी बसायचास. क्लच असा दाब, वळण असं घे. वडिलांची गाडी माझीही होती ना? मला एकदा ती तुझ्याशिवाय चालवायची होती. त्या बाई एकदम समोर आल्या. मागे दिवे दिसले. मला काही सुचलंच नाही."

"त्या संध्याकाळी सुचलं नाही, मान्य," तपासनीस म्हणाले. "दुसऱ्या दिवशी? त्याच्या पुढच्या दिवशी? वकील शोधायला बरं सुचलं."

मिस्त्री दारातून पुढे आले. हात मात्र त्यांनी उचलला नाही.

"माझ्या घरात बसून जेवलास तू," ते म्हणाले. "माझी बायको तुला वाढत होती. पोराला सांग कबूल कर, असं तिला सांगत होतास. ती तुझ्या पाया पडली रे, वयाने मोठी असून."

धाकट्याने तोंड फिरवलं. फौजदारबाईंनी त्याच्या दंडाला धरलं, तेव्हा कुठे तो हलला. डॉक्टर नुसते कुंपणाची तार चाचपत राहिले.

"सर, गाडी आता पुरावा आहे," बाई म्हणाल्या. "हात लावू नका. आणि मिस्त्री, तुम्ही चला माझ्याबरोबर. मुलाच्या सुटकेचे कागद आत्ताच करते."

मिस्त्री निघाले आणि दारात अडखळले. त्यांनी साहेबांकडे वळून पाहिलं आणि हात जोडले. तपासनीसांना ते हात बघवले नाहीत. ज्याच्या भावाने याचं पोर महिनाभर आत सडवलं, त्यालाच हा नमस्कार करत होता.

फाटकापाशी धाकटा थांबला.

"मी तेव्हा तुझं ऐकायला नको होतं, दादा. खालचं काढून मोकळं व्हायला हवं होतं."

"हो," तपासनीस म्हणाले. "इतकी वर्षं तुला वाढवलं. माझं तेवढंच ऐकलंस."

पोलिसांची गाडी गेली. वहिनी आत जाऊन ओट्याशी उभी राहिली. सवयीने तिने रात्रीची तीन ताटं घेतली होती. त्यातलं एक तिने पुसून पुन्हा मांडणीत लावलं.

तपासनीस गॅरेजात एकटेच राहिले. दोन्ही बुचं फडक्यावर पडली होती, वरचं वर, खालचं खाली, शिकवलं होतं तशी. नव्या तेलाचा डबा न उघडता तसाच शेजारी होता. कव्हर ओढायला उचललेला हात त्यांनी मागे घेतला आणि दिवा मालवला. हाताचा वास जाईना, म्हणून ते कितीतरी वेळ नळाखाली हात धरून उभे होते.